सायकलचा रंग कोण ठरवतो?



वसंत ऋतूतील या व्याख्यानांत राज्यांच्या उदयास्तावर, संतवाङ्मयावर, अर्थव्यवस्थेवर बोलण्याची प्रथा आहे. तिथे सायकलच्या रंगावर तासभर बोलू पाहणारा मनुष्य विक्षिप्त ठरण्याचा संभव आहे, हे मी जाणून आहे. तरीही हा विषय मी बुद्ध्याच घेतला. हौशी तरुण हल्ली नव्या सायकलची फ्रेम कोरी मागवतात आणि रंगकाम करणाऱ्याकडे नेतात. तो पंख्यासारखी उघडणारी नमुन्यांची पट्टी समोर धरतो, तीत शेदोनशे छटा असतात आणि प्रत्येकीस नंबर असतो. तरुण त्यावर बोट ठेवतो आणि म्हणतो, हा द्या. ही आपली खाजगी आवड आहे असे त्यास वाटते, आणि त्यात त्याचे काही चुकत नाही. परंतु गिऱ्हाइकाने बोट ठेवावे आणि कारागिराने तो रंग द्यावा, ही गोष्ट सायकलच्या इतिहासात फार उशिरा आली. त्यापूर्वी सायकलचा रंग कधी डांबराने ठरवला, कधी युद्धाने, कधी कायद्याने, कधी एखाद्या चळवळीने, तर कधी सरकारने. आणि रंग कोणीही ठरवला तरी तो ज्याच्या हातून चढला त्यास कोणी काही विचारले नाही. या दोन गोष्टी जोडून पाहाव्यात एवढाच आजचा हेतू आहे.

प्रथम काळ्या रंगाचे पाहू. आपल्यापैकी वडीलधाऱ्या माणसांनी डोळे मिटून सायकल आठवली तर ती काळीच दिसेल. हा काळा रंग आला कोठून? हार्डवेअरच्या दुकानात ‘ब्लॅक जपान’ नावाचे एक काळे रोगण मिळते. खिडक्यांचे गज, लोखंडी दरवाजे यांना ते फासतात. या नावाचा जपान देशाशी संबंध आहे तो एवढाच, की जपानातून युरोपात जाणाऱ्या चकचकीत लाखकामाच्या पेट्या पाहून तेथील कारागिरांनी त्याची नक्कल करावयास घेतली. वेल्समधील पाँटिपूल आणि इंग्लंडातील बिल्स्टन, वुल्व्हरहॅम्प्टन, बर्मिंगहॅम या गावांत सतराव्या-अठराव्या शतकांपासून हा धंदा वाढला. पत्र्याच्या तबकांवर नैसर्गिक डांबर, जवसाचे तेल आणि टर्पेंटाइन यांचे मिश्रण लावावयाचे, भट्टीत भाजावयाचे, घासावयाचे आणि पुन्हा लावावयाचे. असे अनेक हात दिले म्हणजे पृष्ठभाग आरशासारखा होई. भाजल्यामुळे तो कठीण होई आणि पाण्याला दाद देत नसे.

१८८५ साली कॉव्हेन्ट्री येथे जॉन केंप स्टार्ली याने ‘रोव्हर’ नावाची दोन सारख्या चाकांची, साखळीने चालणारी सायकल बाजारात आणली. आजची सायकल तिचीच वंशज. कॉव्हेन्ट्रीपासून बर्मिंगहॅम आणि वुल्व्हरहॅम्प्टन फार दूर नाहीत. पत्र्याला काळे रोगण भाजण्याची विद्या शेजारी तयारच होती. सायकलची नळी पोलादी. पाऊस आणि चिखल हे तिचे शत्रू. तिला गंजापासून वाचवणारे, स्वस्त आणि टिकाऊ असे जे कवच हाताशी होते ते काळे होते. डांबराच्या रोगणातून पांढरा किंवा आकाशी रंग निघणे शक्यच नाही. तेव्हा सायकल काळी झाली ती शेजारच्या गावी पिकणाऱ्या कारागिरीमुळे. इंग्रजी गांभीर्य, प्रतिष्ठा वगैरे अर्थ लोकांनी तिला मागाहून चिकटवले.

मोटारीच्या बाबतीतही हेच घडले. हेन्री फोर्डची ‘मॉडेल टी’ १९०८ साली निघाली तेव्हा ती लाल, हिरव्या, करड्या अशा रंगांत मिळत असे. १९१४ पासून १९२५ पर्यंत मात्र ती फक्त काळी मिळे. साखळी-पद्धतीने माल भराभर निघू लागला की रंगाची विविधता ही मालकाच्या दृष्टीने अडगळ होते. १९२३-२४ साली ‘ड्यूको’ नावाचे नायट्रोसेल्युलोजचे रोगण अमेरिकेत मोटारींवर आले. ते तासाभरात वाळू लागले तेव्हा पुन्हा रंगांची दुकाने उघडली. ग्राहकाच्या आवडीवर उदंड लिहिले जाते, परंतु ती आवड बहुधा रोगणाच्या वाळण्याच्या वेगाने चालत आली आहे, असे माझे मत आहे.

तथापि काळी सायकल अगदीच निर्गुण नव्हती. तिच्या दांड्यांवर, मडगार्डांवर सोनेरी किंवा लाल बारीक रेघा असत. त्या रेघा लांब केसांच्या कुंचल्याने हातांनी ओढीत. हातात काठी नाही, पट्टी नाही. मनगट स्थिर, श्वास रोखलेला, आणि एका दमात फूटभर रेघ. तिथे जरा थरथर झाली की फ्रेम पुसून पुन्हा. रॉयल एन्फील्ड हा कारखाना मुळात रेडिच येथील सायकलवाल्यांचा. त्याच्या मद्रासच्या कारखान्यात मोटारसायकलच्या टाकीवर अशा रेघा हाताने ओढण्याची परंपरा एकविसाव्या शतकातही चालू राहिली. मला हे नेहमी लक्षणीय वाटते. सायकलवर कारखानदाराचे नाव मोठ्या अक्षरांत असे, आयात करणाऱ्या व्यापाऱ्याचे नाव पितळी पट्टीवर असे. कामगाराची सही म्हणून जर काही असेल तर ती सोनेरी रेघ होती.

युद्धाने ती रेघही पुसली. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये निकेल आणि क्रोम शस्त्रास्त्रांसाठी राखून ठेवले गेले. त्या वर्षांतल्या सायकली हँडल, कडा आणि क्रँकसकट काळ्या आहेत. जुन्या सायकली जमवणारे लोक अशी सर्वांग काळी सायकल पाहिली की तिचे वय तात्काळ सांगतात. उलट कायद्याने काळ्यावर पांढरे चढवले. मागच्या मडगार्डाच्या खालच्या टोकाला पांढरा पट्टा असावा, म्हणजे रात्री मागून येणाऱ्यास सायकल दिसेल, असा नियम ब्रिटनमध्ये १९३० नंतरच्या दशकात आला. आपल्याकडच्या काळ्या सायकलींनाही तो पट्टा कारखान्यातूनच येऊ लागला. बिल्ला आणि दिवा यांच्याबद्दल पोलिसांशी झालेल्या हुज्जती अनेकांस आठवत असतील. पांढऱ्या पट्ट्याकडे मात्र कोणाचे लक्ष गेले नाही, कारण तो आपण निवडलेलाच नव्हता.

इटलीतील बियांकी या कारखान्याची गोष्ट थोडी निराळी आहे. १८८५ साली मिलानमध्ये स्थापन झालेल्या या कारखान्याच्या सायकली एका विशिष्ट हिरवट-निळ्या रंगाने जगभर ओळखल्या जातात. तो रंग कोठून आला याविषयी अनेक कथा प्रचलित आहेत. कोणी म्हणतात तो मिलानच्या आकाशाचा, कोणी म्हणतात राणी मार्गारेटाच्या डोळ्यांचा, आणि कोणी म्हणतात की सैन्याचा उरलेला रंग स्वस्तात मिळाला तो मिसळून झालेला. कारखानदारीशी माझा जो काही संबंध आला आहे त्यावरून माझा कौल तिसऱ्या कथेस आहे. राणीचे डोळे जाहिरातीत शोभतात, हिशेबाच्या वहीत नाही.

आता जिथे रंग खरोखर निवडला गेला, आणि विचारपूर्वक निवडला गेला, अशा प्रसंगाकडे येतो. इंग्लंडमध्ये स्त्रियांना मताधिकार मिळावा म्हणून एमेलिन पँकहर्स्ट आणि त्यांच्या कन्या यांनी १९०३ साली मँचेस्टरमध्ये एक संघटना काढली होती. १९०८ साली संघटनेच्या एमेलिन पेथिक-लॉरेन्स यांनी चळवळीसाठी तीन रंग ठरवले: जांभळा, पांढरा आणि हिरवा. जांभळा आत्मसन्मानाचा, पांढरा शुद्धतेचा, हिरवा आशेचा. त्या वर्षी २१ जून रोजी लंडनच्या हाइड पार्कमध्ये प्रचंड सभा झाली, तिथे हे रंग फिती, पट्टे, पोशाख यांतून सर्वत्र झळकले. पुढच्याच वर्षी, १९०९ साली, एल्स्विक कंपनीने स्त्रियांसाठी एक सायकल काढली. ती या तीन रंगांत रंगवलेली होती आणि तिच्यावर सिल्व्हिया पँकहर्स्ट यांच्या कल्पनेतील स्वातंत्र्यदेवतेचे पदक होते. चळवळीच्या वृत्तपत्रातून तिची जाहिरात झाली.

या सायकलचे महत्त्व ध्यानात घ्या. स्त्रीने सायकलवर बसावे की नाही यावरच त्या काळी वाद होता. झग्यासाठी निराळी फ्रेम आणि चाकावर जाळी बसवून तिला परवानगी मिळालेली. अशा वेळी तिने काळी सायकल घेतली असती तर ती रस्त्यावरून निमूट निघून गेली असती. जांभळी-पांढरी-हिरवी सायकल निमूट जाऊ शकत नव्हती. ती चौकात उभी राहिली की मालकिणीने तोंड न उघडताही सभा सुरू झालेली असे. कार्यकर्त्याच्या दृष्टीने याहून काटकसरीचे प्रचारसाधन मला माहीत नाही. आमच्या युनियनला एका सभेसाठी मांडव, कर्णा आणि पोलिसांचा परवाना लागतो!

अर्थात एका कंपनीने यात धंदाही पाहिला, हे उघड आहे. चळवळ मोठी झाली की तिच्या रंगाची फीत विकणारा दुकानदार आलाच. परंतु बायका आपल्या पसंतीचा रंग मागतील आणि तो कारखान्याला द्यावा लागेल, ही गोष्ट त्या सायकलीने दाखवून दिली.

कामगारांनीही सायकलचा उपयोग ओळखला होता. १८९४ साली बर्मिंगहॅम येथे ‘क्लॅरियन’ या समाजवादी साप्ताहिकाच्या वाचकांनी सायकल क्लब काढला. रविवारी खेडोपाडी जावयाचे, पत्रके वाटावयाची, झाडाखाली सभा घ्यावयाची. जर्मनीत १८९६ साली ऑफेनबाख येथे कामगार सायकलस्वारांचा संघ निघाला. ‘सॉलिडॅरिटी’ हे त्याचे नाव. त्याला वर्गलढ्याचे ‘तांबडे स्वार’ म्हणत. या संघाने स्वतःचा सहकारी सायकल कारखाना उभा केला, म्हणजे रंगापासून नफ्यापर्यंत सर्व निर्णय सभासदांच्या हाती. १९३३ साली नाझींनी संघावर बंदी घालून तो मोडला.

आणि अॅम्स्टरडॅममध्ये १९६५ साली ‘प्रोव्हो’ नावाच्या तरुणांच्या गटाने तर गंमतच केली. लुड स्खिमलपेनिंक या तरुणाची ती कल्पना. सायकली पांढऱ्या रंगवावयाच्या, कुलूप न लावता रस्त्यावर ठेवावयाच्या. ज्याला हवी त्याने घ्यावी, जिथे काम संपेल तिथे सोडावी. पांढरा रंग म्हणजे ‘ही कोणाची नाही, म्हणून सर्वांची’ अशी खूण. पोलिसांनी त्या उचलून नेल्या, कारण कुलूप न लावलेली सायकल रस्त्यावर ठेवणे नियमाविरुद्ध होते. चोरीला उत्तेजन मिळते, असे त्या नियमाचे तर्कशास्त्र. जी वस्तू सर्वांना देऊन टाकली आहे तिची चोरी कशी होते, हे कोडे कायद्याच्या पुस्तकात सुटत नाही. आज पुष्कळ शहरांत भाड्याच्या सार्वजनिक सायकली एकाच ठसठशीत रंगात उभ्या दिसतात. त्यांची आजी ती पांढरी सायकल होय. फक्त नातींवर कंपनीचे नाव आले आणि भाड्याचा हिशेब आला.

आपल्या देशात सायकल आली ती विलायतेहून, आणि काळी होऊनच आली. १९३० नंतरच्या दशकात स्वस्त जपानी सायकलीही आल्या. दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर मुंबईत वरळी येथे हिंद सायकल्सचा कारखाना उभा राहिला. स्वातंत्र्यानंतर मद्रासजवळ अंबत्तूर येथे टी. आय. सायकल्स १९४९ साली, सोनीपत येथे अॅटलस १९५१ साली, लुधियानात हीरो १९५६ साली, आणि त्याच सुमारास आसनसोल येथे सेन-रॅले असे कारखाने निघाले. यांपैकी काहींची भागीदारी थेट इंग्रज कंपन्यांशी होती, त्यामुळे यंत्रे, नमुने आणि भट्टीही तिकडच्या धर्तीची. राज्य गेले, काळा रंग राहिला. तो राहण्यास कारणही होते. सायकल ही गरिबाची इस्टेट होती. गिरणीकामगार, शिपाई, दूधवाला, शिक्षक यांनी हप्त्याने घेतलेली. इस्टेटीला भडक रंग कोण देतो? शिवाय काळ्यावरचा ओरखडा चार आण्यांच्या काळ्या रंगाने झाकता येई.

म्हणून आपल्याकडे रंगाची हौस दुकानातून बाहेर पडल्यावर सुरू झाली. नवी सायकल आणली की आधी तिच्या दांडीला रंगीत प्लास्टिकची पट्टी गुंडाळली जाई. सीटला मखमली कव्हर, हँडलच्या मुठींना गोंडे, चाकाच्या आसाला रंगीत ब्रशाचे कडे, म्हणजे धुरा आपोआप पुसला जावा. पेंटरकडून चेनकव्हरवर नाव घातले जाई. मुलाचे, कुलदैवताचे किंवा धंद्याचे. दसऱ्याला झेंडूची माळ आणि हळदकुंकू. सायकलीच्या भाड्याच्या दुकानात हिशेब निराळा. तिथे मडगार्डावर ठळक रंगात दुकानाचे नाव आणि नंबर, आणि रंग असा की चोराला लाज वाटावी. सारांश, कारखान्याने काळी दिलेली वस्तू आपल्या माणसांनी गुंडाळून, लिहून, माळा घालून रंगवली. पगाराच्या दिवशी पाच-दहा रुपये अधिक खर्च करून मिळणारी ती निवड होती, आणि तिला निवड म्हणणे भाग आहे.

पुढे कारखान्यांतूनच लाल, निळ्या, हिरव्या सायकली निघू लागल्या. मुलांच्या आणि मुलींच्या सायकली प्रथम रंगीत झाल्या, पुरुषांची काळीच राहिली. मोपेड आणि स्कूटर आल्यावर काळी सायकल मागे पडली. वरळीचा हिंद सायकल्स आणि आसनसोलचा सेन-रॅले हे दोन्ही कारखाने आजारी पडले. सरकारने आधी त्यांची व्यवस्था हाती घेतली आणि १९८० साली कायदा करून त्यांचे राष्ट्रीयीकरण केले. तेही शेवटी तगले नाहीत. अॅटलसचा साहिबाबादचा कारखाना २०२० साली ३ जून रोजी बंद झाला. ३ जून हा संयुक्त राष्ट्रांनी २०१८ साली जाहीर केलेला जागतिक सायकल दिन. कामगारांनी फाटकावरची नोटीस वाचली तेव्हा बाहेर सायकलीच्या गुणगानाची भाषणे चालली असतील.

आता ज्या भागासाठी मी हा विषय निवडला तिकडे वळतो. काळ्याची सत्ता गेली आणि पिवळा, नारिंगी, लाल असे तेजस्वी रंग आले, हे खरे. पण ते तेज येते कशातून? सायबेरियात सापडणाऱ्या एका तांबड्या खनिजातून व्होकलँ या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १७९७ साली क्रोमियम हे मूलद्रव्य शोधले. त्याच्या पाठोपाठ आला क्रोम पिवळा. म्हणजे शिशाचे क्रोमेट. अपारदर्शक, झगझगीत, स्वस्त. त्यातूनच नारिंगी आणि शेवाळी-हिरव्या छटाही होतात. लोखंडावरचे लालसर अस्तर म्हणजे शिशाचा भस्म, आपला शेंदूर. पांढऱ्या रंगात शिशाचा सफेदा. शेंदूर पोटात गेला की आवाज कायमचा जातो, ही समजूत आपल्याकडे जुनी आहे. गवयाला प्रतिस्पर्ध्याने शेंदूर चारल्याच्या गोष्टी आपण ऐकल्या आहेत. म्हणजे विष ठाऊक होते. प्रश्न एवढाच होता की ते रोज श्वासावाटे घेणाऱ्याची चिंता कोणी करावी.

शिशाचा रोग हळू येतो. पोटात कळा, हिरड्यांवर निळी रेघ, अंगातले रक्त कमी, आणि शेवटी मनगट लुळे पडते; हात उचलला तर पंजा खाली लोंबतो. ज्या मनगटाने ती फूटभर सोनेरी रेघ ओढली तेच मनगट. १८९८ साली ब्रिटनमध्ये कारखान्यांचे पहिले वैद्यकीय निरीक्षक म्हणून डॉ. थॉमस लेग यांची नेमणूक झाली. शिशाच्या विषबाधेचा त्यांनी आयुष्यभर पाठपुरावा केला. त्यांचा एक सिद्धांत मी आमच्या प्रत्येक अभ्यासवर्गात सांगत असतो. मालकाने आपल्याकडून सर्व काही केल्याखेरीज कामगार स्वतःच्या बचावासाठी जवळजवळ काहीच करू शकत नाही, असा त्याचा आशय आहे. हात धुवा, नखे कापा, असे फलक भिंतीवर लावून जबाबदारी टाळणाऱ्यांस यात उत्तर आहे.

१९१९ साली वॉशिंग्टन येथे आंतरराष्ट्रीय मजूर परिषदेचे पहिले अधिवेशन भरले. हिंदुस्थानच्या कामगारांचे प्रतिनिधी म्हणून तिथे आपले नारायण मल्हार जोशी गेले होते. त्याच अधिवेशनात स्त्रिया आणि मुले यांना शिशाच्या कामापासून संरक्षण द्यावे अशी शिफारस मंजूर झाली. १९२१ साली जिनीव्हा येथे पांढऱ्या शिशाच्या रंगाविषयीचा करार झाला. इमारतींच्या आतील रंगकामात त्याचा वापर बंद करावा, असा त्याचा मुख्य भाग. ब्रिटिश सरकारने या करारास मान्यता देण्याचे नाकारले तेव्हा, १९२६ साली, डॉ. लेग यांनी राजीनामा दिला. सरकारी नोकर तत्त्वासाठी खुर्ची सोडतो हे दृश्य विरळा. पुढे ते तेथील ट्रेड युनियन काँग्रेसचे वैद्यकीय सल्लागार झाले.

आपल्याकडे १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्यात शिशाची विषबाधा धंद्याचा रोग म्हणून आली, आणि १९४८ च्या कारखाने कायद्यात तिची खबर सरकारला देणे बंधनकारक झाले. कागदावर हे उत्तम आहे. प्रत्यक्षात अशी खबर द्यावयास रोग ओळखणारा डॉक्टर लागतो, आणि रंगखात्यातला कंत्राटी मजूर पोटदुखीसाठी डॉक्टरकडे गेला तर त्याला तिखट कमी खा असे सांगितले जाते. एका कारखान्यात रंगखात्यातील मजुरांना रोज दूध आणि गूळ मिळत असे, आणि तो आपल्या उदारपणाचा पुरावा म्हणून व्यवस्थापन वाटाघाटीत पुढे ठेवी. आम्ही हवा खेचणारा पंखा मागत होतो. दुधाने फुप्फुसातला रंग धुतला जात नाही, हे पटवण्यात तीन बैठका गेल्या आणि चौथीत दूध बंद करण्याची धमकी मिळाली. पंखा पुढे बसला. त्यासाठी दोन दिवस हत्यारे खाली ठेवावी लागली.

२०१६ साली केंद्र सरकारने नियम केला की घरगुती आणि सजावटीच्या रंगांत शिशाचे प्रमाण दहा लाखांत नव्वद भागांहून अधिक नसावे. २०१७ च्या नोव्हेंबरपासून तो अमलात आला. स्वागतार्ह गोष्ट आहे. मात्र नियमाचे नावच सांगते की तो घरगुती आणि सजावटीच्या रंगांपुरता आहे. कारखान्यात यंत्रांना, गाड्यांना लागणारे औद्योगिक रंग त्याच्या कक्षेत आले नाहीत. मुलाच्या पाळण्याचा रंग एका नियमात, आणि तो मूल मोठे झाल्यावर ज्या सायकलीवर बसेल तिचा रंग त्याबाहेर.

इथे सरकारच्या रंगनिवडीचाही उल्लेख केला पाहिजे. बिहारमध्ये २००६ साली नववीत जाणाऱ्या मुलींना सायकलीसाठी दोन हजार रुपये देण्याची योजना सुरू झाली. पैसे हाती आले, सायकल घरच्यांनी दुकानात जाऊन घेतली. अन्य कित्येक राज्ये तयार सायकली वाटतात. राजस्थानात २०१७ साली मुलींना द्यावयाच्या काळ्या सायकली भगव्या झाल्या. सरकार बदलल्यावर २०१९ साली त्या पुन्हा काळ्या झाल्या. दोन्ही बाजूंनी रंगाच्या अर्थावर पुष्कळ बोलणे झाले. ज्या मुलीला रोज तीन-चार मैल ती सायकल रेटीत शाळेस जावयाचे, तिला कोणता रंग आवडतो, हे विचारण्यास दोन्ही सरकारांकडे सवड नव्हती. १९०९ सालच्या त्या इंग्रज बायकांपेक्षा ही मुलगी या बाबतीत मागे आहे की पुढे, याचा विचार ज्याचा त्याने करावा.

पुन्हा त्या तरुणाकडे आणि त्याच्या रंगपट्टीकडे येऊ. पट्टीवरचे नंबर बहुधा एका जर्मन संस्थेचे असतात. १९२५ साली मालाच्या गुणवत्तेचे नियम ठरवण्यासाठी ती स्थापन झाली, आणि १९२७ साली तिने चाळीस रंग निश्चित करून त्यांना आकडे दिले. त्याआधी गिरणीवाला ‘गडद हिरवा’ मागे आणि रंगवाला आपल्या मनाचा हिरवा पाठवी. पत्रव्यवहारात महिने जात. आपल्या भारतीय मानक संस्थेचीही अशी यादी आहे, ‘आय. एस. ५’ या नावाची. सरकारी कामांच्या निविदांत ती दिसते. रंगाला आकडा मिळाला म्हणजे एकाच्या डोळ्यातील रंग दुसऱ्याच्या हाताला सांगता येतो. ही सोय लहान नाही.

निवड करणाऱ्यास दोन व्यावहारिक गोष्टी सांगतो, कारण व्याख्यानानंतर हेच विचारले जाते. चंदेरी झाक असलेले रंग दुकानात मोहक दिसतात, परंतु पुढे ओरखडा पडला तर तेवढ्याच जागी पूर्वीची छटा जुळवणे अवघड जाते. साधा, एकजिनसी रंग म्हातारपणी दुरुस्त होतो. फिकट पिवळा, पांढरा किंवा नारिंगी रंग संध्याकाळच्या धूसर उजेडात लांबून दिसतो. ट्रकचालकाला आपण दिसावे अशी ज्याची इच्छा असेल त्याने काळ्याचा मोह आवरावा, किंवा निदान मागचा तो पांढरा पट्टा राहू द्यावा.

याहून महत्त्वाचा प्रश्न रंग कशाने चढणार हा आहे. हल्ली दोन मार्ग आहेत. एक पावडरीचा. विजेच्या भाराने कोरडी पूड फ्रेमला चिकटवतात आणि १८० ते २०० अंशांच्या भट्टीत वितळवतात. यात टर्पेंटाइनसारखे उडणारे द्रावक नाही, म्हणून कामगारास त्याची झळ कमी. पुडीतले रंगद्रव्य मात्र शिशाचे नाही ना, हे विचारावे लागतेच, विशेषतः पिवळ्या-नारिंगीसाठी. दुसरा मार्ग दोन डब्यांतला रंग मिसळून पिचकारीने मारण्याचा. त्याची झळाळी अप्रतिम असते. त्यातील कठीण करणाऱ्या डब्यात आयसोसायनेट नावाचे द्रव्य असते. ते श्वासात गेले की दमा जडतो, आणि एकदा जडला की पुढे त्याचा लवलेशही सोसत नाही. कारागिराला धंदाच सोडावा लागतो. त्यासाठी बाहेरून नळीने स्वच्छ हवा पुरवणारा मुखवटा लागतो. नाकावर बांधलेला रुमाल उपयोगाचा नाही, आणि बहुतेक गल्ल्यांत मला रुमालच दिसतो.

तेव्हा नंबरावर बोट ठेवल्यावर आणखी दोन मिनिटे त्या दुकानात थांबावे. पिवळा शिशाचा आहे का, ते विचारावे. पिचकारी कोण मारतो, कोणत्या खोलीत मारतो, तिला पंखा आहे का, तोंडावर काय बांधतो, हे विचारावे. मालक कुरकुरेल. आतला माणूस बहुधा बाहेर येऊन पाहील की हे कोण विचारते आहे, कारण त्याला हे पूर्वी कोणी विचारलेले नसते. मुखवट्यामुळे भाव शेदोनशे रुपयांनी वाढत असेल तर तेवढे रंगाच्या किमतीतच धरावेत.